बहात्तर चौकटी

माझ्या बहिणीच्या घरात पाऊल टाकलं की डोळ्यांच्या आधी नाकाला कळायचं. आंबट, नाकात झिणझिण्या आणणारा वास, थेट व्हिनेगरचा. नवीन माणूस विचारायचं, कुठे बाटली फुटली का? मी सांगायचे, "बाटली नाही हो. आमच्या भावोजींची भुतं नासलीत."

हे मी चेष्टेनं म्हणायचे. चेष्टा केल्याशिवाय मला बोलता येत नाही, हा माझा जन्माचा दोष आहे. पण भुतं खरोखरच नासत होती. दोन खोल्यांपैकी एक पूर्ण खोली आणि दुसरीची अर्धी भिंत पत्र्याच्या गोल डब्यांनी भरलेली. प्रत्येक डब्यात सिनेमाचं एकेक रीळ. सगळे सिनेमे काळेपांढरे, सगळे जुने, आणि सगळ्यांत कुणीतरी मेलेलं असायचं पण ते मान्य करायला तयार नसायचं.

भावोजी एकतीस वर्षं टॉकीजमध्ये मशीन चालवत होते. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना ऑपरेटर म्हणायचे. ताईसुद्धा चिडली की "अहो ऑपरेटर" अशी हाक मारायची. अंगानं सुकलेले, डावखुरे, बोलण्यात कंजूष. मशीनच्या खडखडाटानं त्यांचे कान गेलेत असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि त्यामुळे त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बिनधास्त बोलायचो. रविवारी सकाळच्या खेळाला टॉकीजचा मालक स्वस्तातले भुताचे सिनेमे आणायचा. रबराची वटवाघळं, पुठ्ठ्याचे किल्ले, मेणबत्ती घेऊन जिना उतरणाऱ्या बायका. लोक हसायला यायचे. भावोजी मात्र मशीनच्या खोलीतल्या भिंतीच्या चौकोनी भोकाला डोळे लावून हातातला चहा गार होईपर्यंत बघत राहायचे.

टॉकीज बंद पडलं, तिथे फरशांचं दुकान आलं. मालकानं गोदामातली रिळं भंगारात काढली. भावोजींनी ती तीन खेपांत हातगाडीवरून घरी आणली, आणि सोबत एक जुनं हलकं मशीनही. ताईनं दारात उभं राहून कपाळावर हात मारला. मग पदर खोचून स्वतःच डबे उतरवायला लागली. ताई तशीच होती.

त्यांच्यासारखे वेडे आणखी तिघे निघाले: एक दाताचे डॉक्टर, एक घड्याळजी आणि एक निवृत्त न्यायाधीश. दर दोन-तीन महिन्यांनी चौघे या घरात जमायचे. आल्या आल्या "कसे आहात" नाही, "बसा" नाही. एकमेकांचे डबे उघडायचे आणि आत नाक घालायचं. आंबट वास आला तर रीळ आजारी, नाही आला तर बरं आहे, अशी त्यांची तपासणी. मग तासभर धुक्यावर वाद. हे धुकं बर्फाचं, ते तेलाचं, अमक्या सिनेमात धुक्याच्या मागे शिडी दिसते. शिडी दिसली की त्यांना काय आनंद व्हायचा! मी बायकांचे कपडे शिवते, माझ्या गिऱ्हाइकांना उसवलेली शिलाई दिसली तर त्या मला फाडून खातील. इथे उसवलेल्यावरच जीव.

एकदा न राहवून मी विचारलंच, "भीती तर वाटत नाही तुम्हाला. मग बघता काय त्यात?"

डॉक्टर म्हणाले, "या भुतांना नियम असतात हो. उजाडलं की निघायचं, बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. माझ्या दवाखान्यात येणारी माणसं एवढंही पाळत नाहीत."

घड्याळजी म्हणाले, "मला ती घरं आवडतात. एवढ्या खोल्या! आमच्याकडे सात माणसांत दोन." न्यायाधीशांनी घसा साफ करून निकाल दिला, की थोर सिनेमे सांभाळायला सरकार आहे, असले टाकाऊ सांभाळायला कुणी नाही, आणि जे कुणाकडेच नाही ते आपल्याकडे असणं यापरतं सुख नाही. न्यायाधीश खरं बोलले. त्यांचं ते खरं पुढे भावोजींना चांगलंच महागात पडलं.

 मी निघाले तेव्हा भावोजी फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "बाकीच्या सिनेमात माणूस मेलं की संपलं. रडायचं, पुढचा सीन. यात मेलेल्या माणसाची कुणीतरी वाट बघतं. आणि ते येतं."

"येऊन गळा दाबतं," मी म्हणाले.

"दाबू दे. येतं ना पण?"

तेव्हा ताई धडधाकट होती, आत भांडी घासत गाणं म्हणत होती. मी हसून घरी गेले.

आता खिडकीवाल्या सिनेमाचं सांगायला हवं. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. आमच्या घरात तो खिडकीवाला. ताई वीस वर्षांची होती, मी चौदा. रविवारच्या खेळाला तिला एकटीला सोडायचे नाहीत म्हणून राखणीला मी. ऑपरेटर आणि ताईचं नुसतं बघाबघीचं चाललंय हे मला पहिल्याच रविवारी कळलं होतं, आणि तोंड बंद ठेवायची किंमत म्हणून मी त्याच्याकडून दर आठवड्याला फुकट तिकीट आणि बाटलीतलं सरबत उकळत होते. मी अगदीच हावरट नव्हते. मीही त्याला एक वस्तू दिली होती: माझी नखं रंगवायची बाटली. भडक नारिंगी, आईनं बघितली असती तर बोटं मोडली असती असा रंग. रीळ तुटलं की दोन टोकं खरवडून चिकटवतात, त्या सांध्याच्या कडेला भावोजी नखांचा रंग लावायचे, म्हणजे पक्का बसतो आणि गुंडाळताना बोटाला लागतो. बाकीचे ऑपरेटर नुसतं चिकटवून मोकळे व्हायचे. डावखुरे असल्यामुळे त्यांचं खरवडणंही उलट्या तिरपेचं. "सांधा बघून मी ऑपरेटर ओळखतो," ते म्हणायचे. त्यात मला नवल वाटलं नाही. टाका बघून मीही शिंपी ओळखते.

तर सिनेमा. खाडीच्या काठी एक उंच घर. घरात डॉक्टर आणि त्याची बायको. मध्यंतराच्या आधीच बायको मरते. डॉक्टर रोज संध्याकाळी तिच्या खिडकीत दिवा ठेवतो. गाव म्हणतं, वेडा झाला. शेवटच्या सीनमध्ये तो दार उघडतो तर ती खिडकीपाशी उभी असते, पाठमोरी. तो नावानं हाक मारतो, पुन्हा मारतो. ती हळूहळू वळते आणि त्याच्याकडे बघते. बस. पडदा काळा, शेवटची पाटी.

तो सिनेमा आमच्याकडे एक आठवडा होता. टॉकीजवाल्यांची एक रीत असते, बाहेरच्यांना ती ठाऊक नसते. रीळ तुटलं की खराब झालेला तुकडा कापावाच लागतो. मग कापताना हात जरा सैल सोडायचा आणि आवडीच्या चौकटी खिशात घालायच्या. कुणी नटीचा चेहरा ठेवतो, कुणी घोडा. एक चौकट, दोन चौकटी, फार तर पाच. भावोजींनी शेवटच्या दिवशी खिडकीवालीचं अख्खं वळणं कापलं. बहात्तर चौकटी. पडद्यावर तीन सेकंद, हातात धरलं तर दीड मीटरला थोडं कमी, लहान मुलीच्या फ्रॉकला लागेल एवढं. खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत ते गुंडाळून त्यांनी ताईला दिलं. चिठ्ठी लिहायची हिंमत नव्हती म्हणून हे.

ताईनं डबी उघडली, पट्टी उजेडाकडे धरली, आणि भडकली. "आणि पुढच्या गावातल्या लोकांनी शेवट कुठून बघायचा?"

भावोजी म्हणाले, "दोन-तीन गावं फिरून हा भंगारातच जाणार आहे."

"म्हणून तुम्ही कापायचा?"

एवढी भडकली तरी लग्न त्याच्याशीच केलं. डबी तिच्या कपाटात गेली. हवा लागू नये म्हणून भावोजींनी तिला चिकटपट्टीचे चार वेढे घातले. तेव्हा सगळे तसंच करायचे.

भांडण लग्नानंतर सुरू झालं. भावोजी म्हणायचे, शेवटी ती वळते तेव्हा डॉक्टरला ओळखते. ताई म्हणायची, नाही ओळखत. "तिची नजर त्याच्या आरपार जाते. तुम्ही मशीन चालवत होता, मी सिनेमा बघत होते." यावर जेवताना भांडायचे, फिरायला जाताना भांडायचे, पाहुण्यांना पंच करून भांडायचे. मी म्हणायचे, अहो, कपाटात पुरावा आहे, मशीन घरात आहे, पाच मिनिटांत निकाल लागेल. ताई डबीला हात लावू द्यायची नाही. "निकाल लागला की मग आम्ही बोलायचं कशावर?" मूलबाळ झालं नव्हतं त्यांना. हे एक भांडण त्यांनी चाळीस वर्षं पोसलं.

मग ताई विसरायला लागली. आधी गॅस, मग किल्ल्या, मग रस्ता. त्याचं वर्णन मी करणार नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना कळणार नाही. दुसऱ्या वर्षी एका सकाळी भावोजी तिला म्हणाले, "ऐक, खिडकीवालीनं त्याला ओळखलं होतं." रोजची काडी टाकली त्यांनी. ताई म्हणाली, "कोण खिडकीवाली?"

त्या दुपारी त्यांनी डबी उघडली. मी तिथेच होते. चिकटपट्टी सुटता सुटेना, शेवटी माझ्या कात्रीनं कापली. झाकण निघालं आणि व्हिनेगरचा असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी आलं. आत पट्टी नव्हतीच. तपकिरी, चिकट, वाळलेल्या डिंकासारखा एक गोळा होता. भावोजींनी तो नखानं सोलायचा प्रयत्न केला. हातात चुरा आला.

दाताच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. फिल्म जुनी झाली की तिच्यातूनच आम्ल सुटतं. डबा उघडा-मोकळा असेल तर ते निघून जातं, गच्च बंद केला तर फिल्म स्वतःलाच खाते. आणि एकीची लागण शेजारचीला होते. भावोजींनी घरातल्या एकूण एक डब्याला पट्टी मारली होती, प्रेमानं, नीट, चार-चार वेढे. आम्ही दोघांनी एक अख्खा रविवार बसून एकशे ऐंशी डब्यांच्या पट्ट्या सोडवल्या. ताई खुर्चीत बसून बघत होती; मध्येच उठून तिनं सुटलेल्या पट्ट्यांचा एक मोठा चेंडू केला आणि मला दिला. अर्ध्याहून जास्त रिळं तोवर हातची गेली होती.

तेव्हापासून भावोजींच्या डोक्यात एकच. खिडकीवाल्याची दुसरी प्रत शोधायची, आणि ताईला थोडंफार कळतंय तोवर तिला शेवट दाखवायचा. मी म्हणाले, "दाखवून काय होणार? तिला स्वतःचं घर ओळखता येत नाही."

"भांडण तरी आठवेल," ते म्हणाले.

पत्रांवर पत्रं गेली. एक प्रत सापडली, तिच्यात शेवटचं रीळच नव्हतं. घड्याळजींच्या ओळखीतून दुसरी आली, फक्त शेवटचं रीळ, कापडात गुंडाळून टपालानं. भावोजींनी ते खिडकीपाशी धरून हातानं सरकवत बघितलं. पाठमोरी बाई, पाठमोरी बाई, आणि एकदम शेवटची पाटी. मध्ये कुणाचा तरी ओबडधोबड सांधा. दुसऱ्या कुठल्या तरी गावातल्या दुसऱ्या कुठल्या तरी ऑपरेटरनं नेमकं तेच कापलं होतं. पुढे कळत गेलं की जिथे जिथे त्या सिनेमाचं रीळ उरलं होतं तिथे ती वळतच नव्हती. ज्याला ज्याला ती आवडली होती त्यानं त्यानं तिला खिशात घातलं होतं. मी म्हणाले, "ताईनं तेव्हाच सांगितलं होतं." म्हणाले आणि जीभ चावली. 

चौथ्या वर्षी ताई अंथरुणाला खिळली. शेवटाच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दुपारची वेळ, ताई कुशीवर, खिडकीकडे तोंड करून. मी उशाशी बसून अभ्र्याला टीप घालत होते. भावोजी औषध घेऊन आले आणि दारात थांबले. त्यांनी तिला नावानं हाक मारली. ती हलली नाही. त्यांनी पुन्हा मारली. मग ताई वळली. किती वेळ लागला तिला वळायला! त्यांच्याकडे बघितलं. नीट, स्वच्छ, बराच वेळ. मला वाटलं, ओळखतेय. मग ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हा माणूस कधी जाणार?"

मी बाहेर आले. भावोजींनी विचारलं, "काय म्हणाली?"

मी म्हणाले, "विचारत होती, तुम्ही जेवलात का."

त्यांनी मान डोलावली. स्वयंपाकघरात गेले, स्वतः वाढून घेतलं आणि जेवले. ताट पुसून-बिसून. मी सुटकेचा श्वास टाकला, आणि एवढं सहज खोटं बोलता आलं याची मला तेव्हा लाजही वाटली नाही. ती पुढे वाटली.

ताई गेल्यावर मला वाटलं, शोध थांबेल. शोध वाढला. माणूस खायचा-प्यायचा विसरला. मी रोज डबा घेऊन जायचे आणि कालचा तसाच परत आणायचे. मी ओरडायचे, "आता कुणाला दाखवायचाय तो शेवट?" ते म्हणायचे, "मला बघायचाय. एकदा. तिनं त्याला ओळखलं, एवढं बघितलं की झालं."

आणि मग न्यायाधीशांना प्रत मिळाली. कुठल्याशा बंद पडलेल्या फिरत्या सिनेमाच्या सामानात, सगळी रिळं, वास नाही, बुरशी नाही. न्यायाधीशांनी ती चालवून बघितली नव्हती. असले लोक चालवत नाहीत, मशीनमध्ये घातली की झिजते म्हणून. लांबी मोजली, नोंद केली, फडताळात ठेवली. दीड मीटर कमी असलं तर कुणाला कळतंय? भावोजींनी मागितली. न्यायाधीश म्हणाले, देतो, पण तुमच्याकडचे चांगले राहिलेले नऊ सिनेमे मला द्या. नऊच उरले होते धड. सगळ्या आयुष्यातले नऊ. मी म्हणाले, हा न्याय आहे का? भावोजींनी तोवर डबे दारात मांडलेसुद्धा होते. न्यायाधीशांच्या गाडीत ते चढवताना प्रत्येक डबा उघडून त्यांनी शेवटचा वास घेतला. कुठलाच वास नसलेला वास. मग घरात फक्त नासलेली भुतं राहिली आणि एक खिडकीवाला.

सिनेमा बघायचा दिवस त्यांनी ठरवला, मला बोलावलं. खिडकीला मीच शिवलेले दुहेरी काळे पडदे होते, ते ओढून भर दुपारी अंधार केला. भिंतीवर चादर. ताईची खुर्ची त्यांनी मध्ये ठेवली होती. तिच्यात मी बसायला गेले तर म्हणाले, "तू स्टुलावर बस." मी गप्प बसले. मी गप्प बसले यावरूनच काय ते समजा.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी मी तो सिनेमा बघितला. खाडी, घर, पुठ्ठ्याचे खडक. बायको मरते तो सीन बघून चौदाव्या वर्षी मला हसू आलं होतं. डॉक्टर रोज खिडकीत दिवा ठेवत होता. मशीन खडखडत होतं आणि भावोजी त्याच्या बाजूला ताठ उभे होते, पूर्वी कामावर उभे राहायचे तसे, एक हात मशीनवर.

शेवटचं रीळ. दार उघडलं. ती पाठमोरी, खिडकीपाशी. डॉक्टरनं हाक मारली. भावोजींचे ओठ हलले. दुसरी हाक. तिचा खांदा हलला. नक्की हलला, मी बघितला.

आणि खट् झालं, संगीताला उचकी लागली, आणि शेवटची पाटी.

भावोजींनी मशीन बंद केलं. पडदा सारला. रीळ काढलं, टोकाकडून उलगडत नेलं, चष्मा कपाळावर चढवून उजेडात धरलं.  मग मला म्हणाले, "इकडे ये. हे बघ."

मी बघितलं. खरवडलेला सांधा, उलट्या तिरपेचा. आणि कडेला, नीट लावलेला, इतक्या वर्षांत जरासुद्धा न उडालेला, भडक नारिंगी रंग. तो रंग मी कुठेही ओळखला असता. एकेकाळी माझ्या स्वतःच्या बोटांवर होता तो.

"आपलीच प्रत," ते म्हणाले. "पक्का बसलाय ना सांधा?"

 माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात, त्या दिवशी जीभच नव्हती. जगात एक प्रत धड राहिली असती, तर ती हीच. तिला बुरशी लागली नव्हती, आम्ल लागलं नव्हतं, उंदरांनीसुद्धा सोडली होती. फक्त आम्ही तिच्या वाटेत आलो होतो, एक ऑपरेटर, एक ताई आणि रंगाची बाटली घेऊन मी. मला त्यांची इतकी दया आली की राग आला, ताईचा, न्यायाधीशांचा, त्या मेल्या खिडकीवालीचा.

"भावोजी," मी म्हणाले, "सिनेमाचं सोडा. आपल्या ताईनं तुम्हाला ओळखलं होतं. त्या दिवशी मी होते ना तिथे? ती मला विचारत होती..."

"जेवलात का," ते म्हणाले.

"हो."

ते रीळ गुंडाळायला लागले. डाव्या हातानं, सावकाश, बोटांनी कडा चाचपत. सांधा आला तिथे बोट थांबलं, मग पुढे गेलं. "मला ऐकू आलं होतं गं," ते म्हणाले. "कान एवढे गेलेले नाहीत माझे. दारातच होतो मी."

खोलीत वास होता तोच, आंबट. मी स्टुलाची कड धरली.

"मग जेवायला का गेलात?"

"तू एवढं सांगितलंस," ते म्हणाले. "तुला वाईट वाटलं असतं."

मी रडले. मोठ्यानं रडले, सांगायला लाज कसली. त्यांनी रडू दिलं. मग आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तुझी ताई आयुष्यभर सांगत होती, ती नाही ओळखत. मी ऐकलं नाही. म्हटलं, निदान सिनेमात तरी." 

रीळ डब्यात ठेवलं. झाकण लावलं. कपाटाच्या खणातून त्यांनी चिकटपट्टीचं बंडल काढलं आणि डब्याला गच्च वेढा द्यायला सुरुवात केली. एक, दोन.

"अहो, पट्टी नका लावू," मी म्हणाले. "हवा लागायला हवी ना? तुम्हीच तर सांगता. वर्षा-दोन वर्षांत जाईल ती."

तिसरा वेढा झाला. चौथा झाला. अंगठ्यानं त्यांनी तो नीट दाबला आणि बंडल ताणून धरून माझ्याकडे बघत थांबले.

माझ्या पिशवीत कात्री होती. मी पट्टी कापून दिली.